घोंगड्याखालचा बर्फ

आमच्या साखरा गावात धोंडिबाची गोष्ट निघाली की नवीन माणसं हसतात. हिंगोली जिल्ह्यातला, जन्मभर मेंढरामागं फिरलेला, पायात टायरच्या वहाणा घालणारा माणूस हिमालयात जाऊन पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरला, आणि तेही त्या वर्षी सगळ्यांच्या आधी, हे त्यांना पटत नाही. नका पटवून घेऊ. मी तिथं होतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ह्यावर मी वाद घालत नाही. पण डोळ्यांनी बघितलेलं लिहायला चौथी पुरते. ज्याला खोटं वाटेल त्यानं माझ्या ओट्यावर येऊन भांडावं. मी दिवसभर घरीच असतो.

धोंडिबा अंगानं काटक, रंगानं काळा, मिशा पिकलेल्या आणि गुडघे कायम थोडे वाकलेले. सरळ उभा राहिलेला धोंडिबा मी कधी बघितला नाही. सपाट अंगणातसुद्धा तो उतारावर असल्यासारखा उभा राहायचा, अंग पुढं झुकवून, काठी मागं टेकवून. खांद्यावर घोंगडं. स्वतःच्या मेंढरांची लोकर, स्वतः उभं राहून विणून घेतलेलं, काळं कुळकुळीत, भिजल्यावर मेंढराचाच वास येणारं. थंडीत तर घ्यायचाच, पण वैशाखातल्या भर दुपारी सगळं रान तापलेलं असताना हा डोक्यावरून घोंगडं घेऊन निघायचा.

मी हटकायचो, "धोंडिबा, अंडं उबवून राहिला का आत?"

तो म्हणायचा, "नाना, या की एकदा ह्याच्याखाली. गार लागतं."

"मी काय येडा हाय?"

"ते मी कसं सांगू? तुमी चौथी शिकल्याले."

माझ्या चौथीवर त्याचा फार डोळा होता. स्वतःला शंभरापुढं मोजता येत नव्हतं, आणि त्याचं काही अडतही नव्हतं. संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरताना तो फटीजवळ बसायचा. दोनशे मेंढरं अंगावरून गेली की म्हणायचा, "एक न्हाई. कानफाटी मागं राहिली." जाऊन बघावं तर कानफाटी खरंच नाल्यात काट्याला अडकलेली. मोजलं कसं, विचारलं तर म्हणायचा, "मोजलं न्हाई. तिचं तोंड दिसलं न्हाई."

त्याचं एक बोलणं ठरलेलं होतं. जमीन बघायची असो, नाला ओलांडायचा असो, रस्ता चुकलेला असो, तो वहाणा काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, "पायाला इचारा. डोळा लबाड असतो."

एका वर्षी पेरणीच्या आधी मी माझ्या रानात त्याची मेंढरं बसवली. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडीखत आपोआप पडतं, आणि दुसऱ्या रात्री वाडा थोडा पुढं सरकवायचा, अशी ती रीत. धोंडिबा वहाणा काढून रानात इकडून तिकडं चालला आणि म्हणाला, "नाना, तुमचं रान डावीकडं सांडतं. मेंढरं वरल्या अंगाला बसवू. पाऊस खत खाली घेऊन येईल आपोआप."

मला राग आला. आजापासून ते रान आमचं. मी म्हणालो, "माझं रान तव्यासारखं सपाट हाय. खालच्या अंगाला बसव. माती तिकडं हलकी हाय."

"पायाला इचारा की."

"पाय माझं हायेत, रान माझं हाय. बसव म्हणलं ना."

त्यानं बसवली. वाद घातला नाही. पहिल्या मोठ्या पावसात माझं सगळं खत डावीकडच्या बांधावरून वाहून शेजाऱ्याच्या रानात गेलं. त्या वर्षी शेजाऱ्याच्या ज्वारीत माणूस उभा राहिला तर दिसत नव्हता. पोळ्याच्या सुमाराला धोंडिबा मेंढरं घेऊन तिथून चालला होता. त्यानं शेजाऱ्याच्या ज्वारीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "शेजाऱ्याची ज्वारी झकास आली, नाना." आणि गेला. बस एवढंच. माणसानं शिव्या द्याव्यात, त्या परवडतात.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. पुसेगावचा गंगाराम हवालदार पल्टणीतून सुटून हिमालयातल्या एका बर्फाच्या ठिकाणी मजुरांवर मुकादम झाला होता. दिवाळीला गावाकडं आला तेव्हा म्हणाला, हिवाळाभर आठ माणसं पाहिजेत, उतारावर पाय ठरणारी. धोंडिबानं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि नाव दिलं. आयुष्यात त्यानं मोठा डोंगर बघितला नव्हता. "उतार किती लांब असतो ते बघायचंय" म्हणाला. हवालदार माझ्याकडं बघून म्हणाला, "नाना, तुमच्यानं व्हायचं न्हाई." तेव्हा मलाही जावं लागलं.

हिंगोलीहून छोट्या गाडीनं अकोला, मग मोठ्या गाड्या, मग दोन दिवस बस, आणि शेवटी तारेवर लटकणारी काचेची पेटी. पेटीत आमची बाकीची माणसं डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. धोंडिबा काचेला नाक लावून खाली बघत होता. "नाना, ती बघा, मेंढराची वाट. इथं बी आपले लोक हायेत."

वर गेलो तर डोळे दिपले. एवढा मोठा, एवढा स्वच्छ उतार. डोंगराच्या माथ्यापासून खाली हॉटेलांपर्यंत, मैलभर तरी, नुसता उतरत गेलेला. तारेवर खुर्च्या टांगलेल्या, त्यात बसून वर जायचं आणि पायाला लांब फळ्या बांधून घसरत खाली यायचं, ह्यासाठी लोक देशोदेशीहून येतात. पण आम्ही गेलो तेव्हा हंगामाची नुसती सुरुवात होती. बर्फ पडला होता, पण भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरतात तेवढा. त्यातून गवत दिसायचं, दगड दिसायचे. बर्फ दाबायचं यंत्र होतं, पण एवढ्या पातळ थरावर ते घातलं असतं तर खालची माती नांगरून निघाली असती. म्हणून माणसं. दगड वेचायचे, खड्ड्यात बर्फ भरायचा, फावड्यानं सारखा करायचा. आमच्या माणसांना दगड वेचायचं काय शिकवायचं? कोरडवाहू रानात जन्म त्यातच गेला.

तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाला, जिथं बर्फ जरा बरा होता, तिथून एक शिकवणारी बाई घसरत आली. वळणं घेत, गुडघे वाकवून, अंग पुढं झुकवून, दोन्ही हातात काठ्या. धोंडिबाच्या हातातून फावडं खाली पडलं. ती आमच्या शेजारून सर्रकन गेली, बर्फाचा शिंतोडा त्याच्या मिशांवर उडाला. तो पुसलासुद्धा नाही त्यानं.

"हवालदार," तो म्हणाला, "हे शिकाय किती दिस लागतात?"

"लेकरं दोन हप्त्यात शिकतात. तुमी पन्नाशीचे."

"उभं तर माझ्यावानीच राहायला लागतं की."

आणि खरंच. मी बाईकडं बघितलं, धोंडिबाकडं बघितलं. तेच वाकलेले गुडघे, तेच झुकलेलं अंग. पन्नास वर्षं हा माणूस ज्या गोष्टीसाठी उभा होता ती त्याला आता सापडली होती.

त्यानं कोठीतून टाकून दिलेल्या दोन फळ्या मिळवल्या, एक लांब, एक आखूड. त्याच्या मापाचे बूट मिळाले नाहीत तर दुसऱ्याचे मोठे बूट घेऊन त्यात लोकर कोंबली. काम सुटलं की स्वयंपाकघरामागच्या टेकाडावर चढायचा आणि घसरायचा. पडायचा. असा पडायचा की आम्ही हसून हसून खाली बसायचो. तोंडावर, पाठीवर, एकदा तर लाकडाच्या ढिगात. उठला की अंगावरचा बर्फ झटकायचा नाही. थोडा वेळ तसाच उभा राहून पायाकडं बघायचा.

मी ओरडायचो, "काय म्हणून राहिलेत पाय?"

"म्हणून राहिलेत, मागं रेलू नको. भिऊन मागं रेललं की पडतं."

दहाव्या दिवशी तो टेकाडाच्या वरून खालपर्यंत आला आणि पडला नाही. स्वयंपाकी पळी घेऊन बाहेर आले. नेगी साहेब तिथून चालले होते. त्या सगळ्या ढाळावर त्यांचा हुकूम चालायचा. ते थांबले, हसले आणि धोंडिबाला म्हणाले, "ढलान खुल गया, तो पहला नंबर तुम्हारा."

साहेब गंमतीनं म्हणाले असतील. पण धोंडिबानं वाकून चिमूटभर बर्फ उचलला आणि कपाळाला लावला. त्याच्या हिशेबानं शपथ झाली.

ढाळ उघडायचा दिवस ठरलेला होता, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. त्या दिवशी शाळेतल्या लेकरांच्या शर्यती होत्या. ढाळ तोवर तयार झाला नाही तर शर्यती दुसऱ्या डोंगरावर जाणार, आणि आम्हाला परत धाडणार. आठवडा राहिला आणि बर्फ काही पडेना. आभाळ निळंशार. वरचं अंग भरलं होतं, खालचं अंग सावलीत होतं म्हणून टिकून होतं. अडचण होती मधे. तिथं ढाळ दोन खडकांच्या मधून जायचा, बैलगाडी जाईल एवढाच रुंद आणि पंचवीस-तीस पावलं लांब. आम्ही त्याला मान म्हणायचो. मानेवर दिवसभर ऊन. आम्ही सकाळी बर्फ भरायचो, दुपारी ऊन तो पिऊन टाकायचं, आणि मानेवरून गेल्याशिवाय खाली जायला रस्ता नाही.

गुरुवारी सकाळी नेगी साहेब मानेवर उभे राहून गवताला बुटानं टोकरत होते. धोंडिबा पुढं झाला. त्याची हिंदी आमच्या हिंगोलीच्या बाजारातली. "साब, इसपर कंबल डालते. दो-दो परत."

साहेबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "कंबल? बर्फ को?"

"व्हय. बरफ भरने का, ऊपर कंबल डालने का, दिनभर सोता वो."

माणसं खो खो हसली. सगळ्यात मोठ्यानं मी. म्हणालो, "धोंडिबा, बर्फाला थंडी वाजून राहिली का? घोंगड्यानं ऊब येते. उद्या म्हणशील चुलीवर ठेवा."

तो माझ्याकडं वळला. "नाना, नरशीच्या जत्रेत बरफवाला लादी पोत्यात गुंडाळून भुशात काहून ठेवतो? लादीला हीव भरतं म्हणून?"

"पोतं येगळं, घोंगडं येगळं."

"काय येगळं? घोंगडं ऊब देत न्हाई, नाना. आतलं आत ठेवतं, बाहेरचं बाहेर. आत माणूस असला तर ऊब, आत बरफ असला तर गार."

मी म्हणालो, "चौथी मी शिकलो का तू?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाले, दुसरा काही उपाय नाही, करून बघा. हॉटेलाच्या कोठीतून चाळीस कांबळी निघाली. मानेला दुपदरी पांघरायला साठ-सत्तर लागणार होती. धोंडिबा म्हणाला, आणतो. आणि खाली त्या मेंढराच्या वाटेनं निघून गेला.

संध्याकाळी दोन खेचरांवर तीस घोंगडी घेऊन आला. मागं एक म्हातारा, लोकरीची टोपी, तोंडात विडी, धोंडिबाचा जुळा भाऊ शोभावा असा. खालच्या गावचा मेंढपाळ. त्याला हिंदी धड येत नव्हती, ह्याला त्याची बोली येत नव्हती.

हवालदारानं विचारलं, "काय बोललास रं त्याच्याशी?"

"बोलायचं काय? त्याची मेंढी लंगडत व्हती. खूर वाढलं व्हतं, कापून दिलं. मग त्यानं च्या दिला. मग मी घोंगड्यावर बोट ठेवलं."

शुक्रवारी पहाटे मान भरली आणि घोंगडी पसरली, दोन-दोन पदरी, कडेला दगड. वरची अर्धी मान धोंडिबाच्या राखणीत, खालची अर्धी माझ्या. दिवसभर कुणी हलवायची नाहीत असं ठरलं. शुक्रवार निभावला. संध्याकाळी उचलून बघितलं तर बर्फ होता तसा. धोंडिबानं माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, एक दिवस कसाही निघतो.

आता जे लिहितो ते मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं बोललो नाही. शनिवारी दुपारी धोंडिबा त्या म्हाताऱ्याच्या मेंढ्या बघायला खाली गेला. शब्द दिला होता त्याला. ऊन फार कडक पडलं होतं. मी एका घोंगड्यावर हात ठेवला तर चटका बसला. काळं घोंगडं, तापलेल्या तव्यासारखं. कोपरा उचलून बघितला, खाली पाण्याचे थेंब. माझं डोकं फिरलं. ह्या घोंगड्यानं बर्फ शिजून राहिला आणि आपण राखण करत बसलो. धोंडिबा येईस्तोवर काही उरायचं नाही. मी दोन माणसांना हाक मारली आणि खालच्या अर्ध्या मानेवरची सगळी घोंगडी ओढून काढली. मला वाटलं, मी ढाळ वाचवला.

दोन तासांत माझ्या अर्ध्यात गवत उघडं पडलं. आधी कडा काळ्या झाल्या, मग मधे पाणी, मग दगडांची डोकी वर आली. वरची अर्धी मान घोंगड्याखाली गप पडून होती. मी एक घोंगडं उचलून बघितलं. पांढराशुभ्र, कोरडा, गार बर्फ. मी ते घोंगडं पुन्हा होतं तसं नीट ठेवलं. घाईघाईनं खालची घोंगडी परत पसरली, पण चिखलावर घोंगडं टाकून काय होणार?

धोंडिबा वर आला. त्यानं बघितलं. दगडाखालून निसटलेल्या घड्या, चिखल, माझं तोंड. त्याचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. उद्याचा रविवार त्याच्या डोळ्यांपुढून निघून गेला. मी वाट बघत होतो, आता हा काय ते बोलेल. तेवढ्यात हवालदार आणि नेगी साहेब आले.

"नीचेवाला किसने खोला?" साहेबांनी विचारलं.

मी वाकून घोंगड्याच्या कडेवर दगड ठेवू लागलो. धोंडिबा म्हणाला, "हवा आयी साब. बहुत हवा. उडाके ले गयी."

साहेबांनी वर बघितलं. ढाळाच्या कडेला रंगीत झेंडे लावलेले होते. सगळे झेंडे काठीला चिकटून लोंबत होते. पान हलत नव्हतं. साहेबांनी झेंड्यांकडं बघितलं, धोंडिबाकडं बघितलं, आणि म्हणाले, "अब?"

"अब दिन है अभी," धोंडिबा म्हणाला आणि धोतराचा काचा मारला.

मग जे काम झालं तसं काम मी आयुष्यात केलं नाही. सावलीतल्या नाल्यात कमरेएवढा बर्फ साचलेला होता. दोघादोघांनी घोंगड्याची चार टोकं धरायची, झोळीत बर्फ भरायचा आणि धावत मानेवर. शिकवणारी बाई आली, स्वयंपाकी आले, तो म्हातारा मेंढपाळ खेचरं घेऊन आला. मी सगळ्यात जड झोळी धरली. कुणी धर म्हणालं नव्हतं. बर्फ पडला की तो दाबायचा कसा? यंत्र चालत नव्हतं. धोंडिबानं सगळ्यांना ओळीनं मानेवर उभं केलं आणि काठी घेऊन मागं राहिला. "हुर्रर्र, चला. च्च च्च, वर." माणसं खांद्याला खांदा लावून वर चढली, खाली उतरली, पुन्हा वर. चालताना पावलं अशी टाकायची की बर्फ बसत जाईल. माझ्या रानात मेंढरं बसवायचा तशी त्यानं माणसं फिरवली. नेगी साहेबसुद्धा त्या कळपात होते. साहेब कडेला सरकले तर धोंडिबानं त्यांच्या पोटरीला काठी लावून मधे घेतलं. दिवस मावळायच्या आत मान भरली, दाबली आणि वर दुपदरी घोंगडी पसरली.

उतरताना मी त्याला गाठलं. "खोटं काहून बोललास?"

"तुमच्यासाठी न्हाई बोललो."

"मग?"

"आपल्याच माणसानं घोंगड्यावर भरोसा ठेवला न्हाई, हे साहेबाला कळलं असतं तर घोंगड्याची काय इज्जत राहिली असती?" थोडा चालला आणि म्हणाला, "आता तरी म्हणा, नाना. घोंगड्यानं राखला म्हणा."

मी म्हणालो, "उद्या बघू."

उद्या उजाडलं. आम्ही घोंगडी उचलली. वरपासून खालपर्यंत, मानेसकट, सगळा ढाळ एका रंगाचा. शर्यतीची लेकरं खाली रांगेत उभी, वर खुर्च्या सुरू झालेल्या. नेगी साहेब धोंडिबाजवळ आले आणि खुर्चीकडं हात केला. मी आणि हवालदार मानेजवळ उभे राहिलो.

तो माथ्यावर दिसला. धोतर, अंगात हवालदाराचा जुना पल्टणीतला कोट, डोक्याला तांबडा फेटा. हातात त्या लोकांच्या दोन काठ्या घेतल्या नाहीत, स्वतःची एकच काठी मागं धरली. कमरेच्या पिशवीतून भंडाऱ्याची मूठ काढली, कालच्या चंपाषष्ठीची, आणि बर्फावर उधळली. पांढऱ्यावर पिवळं. "यळकोट यळकोट जय मल्हार" अशी आरोळी आली, आणि धोंडिबा सुटला.

वरच्या अंगाला तो सरळ आला, मग जरा डावीकडं गेला, मग पुन्हा मधे. वेग वाढला. हवालदार पुटपुटत होता, "मागं रेलू नको, मागं रेलू नको." तो मानेच्या तोंडाशी आला आणि मला एकच भीती, माझ्या अर्ध्यात दगड वर आला नसेल ना. तो दोन खडकांच्या मधे शिरला. गुडघे वाकलेले, अंग झुकलेलं, डोळे मिटलेले. खरं सांगतो, डोळे मिटलेले. पायाला विचारत होता. वरची अर्धी मान गेली, माझी अर्धी मान गेली, फळ्यांचा नुसता सर्र आवाज, एकदाही खट्ट झालं नाही. माझ्या शेजारून जाताना त्याचा फेटा सुटला. आठ-दहा हात तांबडं कापड त्याच्या मागं तरंगत गेलं आणि तो खाली खाली, लहान लहान होत गेला. लेकरांनी टाळ्या पिटल्या. थांबायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं खाली खेचरांसाठी रचलेल्या गवताच्या गंजीत घुसून स्वतःला थांबवलं.

आम्ही धावत खाली गेलो. तो गंजीत उताणा पडून हसत होता. मिशांत गवत. म्हणाला, "नाना, मेंढरं उताराला लागल्यावर काहून उड्या मारतात ते आज कळलं."

शर्यती झाल्या. पुढं बर्फही भरपूर पडला. फाल्गुनात आम्ही परत आलो. धोंडिबा पुन्हा गेला नाही. म्हणाला, एकदा बघितलं. घोंगड्यानं राखला, हे वाक्य मी त्याला म्हणालो नाही. त्यानंही पुन्हा मागितलं नाही. वर्षं गेली. बांधावर भेटायचो, पावसापाण्याचं बोलायचो, तो वैशाखात घोंगडं घ्यायचा आणि मी हटकायचो.

त्याला शेवटचं बघितलं ते पुसेगावच्या रस्त्यावर. रस्ता नवीन होत होता, मुरुमाचा उंच भराव टाकलेला. भर दुपार. मी बसमधून उतरून पायी चाललो होतो, डोक्यावर पंचा, पंचा घामानं भिजलेला. भरावावर धोंडिबा आणि मेंढरं. म्हातारा झाला होता, पण गुडघे तेवढेच वाकलेले. मला धाप लागलेली बघून त्यानं नेहमीसारखं म्हटलं, "या की नाना एकदा ह्याच्याखाली."

मी गेलो. काय झालं मला माहीत नाही. त्यानं घोंगडं काढून माझ्या डोक्यावर टाकलं. वरून तापलेलं होतं, तोच चटका हाताला बसला. पण आत काळोख, लोकरीचा वास, आणि हळूहळू डोक्यावरचं ऊन बाहेरच राहिलं. धाप ओसरली.

"गार हाय," मी म्हणालो.

"काय?"

"गार हाय म्हणलं."

"ऐकू आलं व्हतं. परत एकदा ऐकायचं व्हतं."

मग मला थांबवेना. घोंगड्याच्या आतूनच म्हणालो, तोंड दिसत नव्हतं म्हणून बरं. "बर्फ बी घोंगड्यानंच राखला, धोंडिबा. खालची घोंगडी मी काढली व्हती."

मेंढरांच्या घंट्या वाजत होत्या.

"त्या दिशी वारा लई व्हता, नाना," तो म्हणाला.

मी घोंगडं काढायला लागलो तर त्यानं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. गाव लांब हाय अजून."

"आन् तू?"

मेंढरं भरावाच्या उतारावर लागली होती, उड्या मारत. त्यानं काठी मागं धरली, गुडघे वाकवले, अंग पुढं झुकवलं, आणि उघड्या डोक्यानं, भर उन्हात, मुरुमावरून सर्र करत त्यांच्या मधून खाली गेला. मी वर घोंगड्याखाली उभा होतो, गार.